क्राऊन-पिनियन एकाच सिझनला दोनदा का जातं? वाचकांचे प्रश्न

पाऊस लागला की या सदराकडे गियरबॉक्सचे प्रश्न वाढतात, यंदाही तेच झालंय. प्रवासी रिक्षा, मालवाहू तीनचाकी, अगदी कॉलेजच्या प्रोजेक्टची गाडी, गाड्या वेगवेगळ्या आहेत पण बहुतेकांचं दुखणं काटकोनात ताकद वळवणाऱ्या बेव्हल गियरपाशीच येऊन थांबतंय. क्राऊन म्हणजे त्यातला मोठा गियर, पिनियन म्हणजे त्याला फिरवणारा छोटा. पहिलं उत्तर लांबलंय, पण त्या प्रश्नामागं एका घराचा सिझन अडकलाय म्हणून ते कापलं नाही.

प्रश्न (गिरणारे): माझ्याकडे जुनी डिझेल मालवाहू तीनचाकी आहे, इंजिन पुढं, लांब शाफ्ट आणि मागं हाउसिंगमध्ये क्राऊन-पिनियन. टोमॅटोच्या सिझनला रोज ५०-६० क्रेट घेऊन नाशिक मार्केटला जातो. एकाच सिझनमध्ये दोनदा क्राऊनचे दात गेले, दुसऱ्यांदा तर कंपनीचाच सेट टाकला होता. मेकॅनिक म्हणतो हल्ली मटेरियलच हलकं येतं, आपण जास्त कडक करून बनवून घेऊ. घेऊ का? तुटक्या दाताचे फोटो पाठवतोय.

उत्तर: दादा, बनवून घेऊ नका, निदान आत्ता तरी नाही. तुमचे फोटो मोठे करून बघितले. दात जिथून तुटलाय तिथं एका कोपऱ्यात चंद्रकोरीसारख्या बारीक रेषा एकापुढं एक दिसतायत आणि तेवढा भाग जरा गुळगुळीत आहे, बाकीचा सगळा भाग खडबडीत, दाणेदार. याचा अर्थ तो दात एका झटक्यात तुटलेला नाही. त्या कोपऱ्यात आधी चीर पडली, रोजच्या फेरीला ती थोडी थोडी पुढं सरकत गेली आणि शेवटी जेवढा दात उरला होता त्याला लोड झेपला नाही. आता तो कोपरा कुठला आहे ते बघा, क्राऊनच्या बाहेरच्या अंगाचा, जिथं दात जाड असतो तिथला. म्हणजे पूर्ण लोड दाताच्या मधोमध यायच्या ऐवजी बाहेरच्या टोकावरच येत होता. मटेरियल हलकं असतं तर दातांच्या चेहऱ्यावर सगळीकडे खड्डे किंवा झीज दिसली असती, तुमच्या बाकीच्या दातांचा मधला भाग तर जवळपास नव्यासारखा आहे. तिथं कधी काम झालंच नाही.

बेव्हल गियरचं असं असतं की दोन्ही गियर म्हणजे दोन शंकूंचे तुकडे, आणि त्या शंकूंची टोकं बरोब्बर एका बिंदूत मिळायला हवीत. साध्या सरळ गियरमध्ये सेंटर थोडं इकडं तिकडं झालं तरी आवाज वाढून काम भागतं, इथं पिनियन शाफ्टच्या दिशेनं थोडा जरी पुढं-मागं झाला तरी दाताला दात टेकायची जागाच बदलते. त्यात तिरप्या दातांच्या सेटमध्ये लोड आला की पिनियन स्वतः शाफ्टच्या दिशेनं सरकायला बघतो, पुढं जाताना तो साधारणपणे क्राऊनपासून लांब ढकलला जातो आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर सोडला किंवा रिव्हर्स घेतला की आत ओढला जातो. त्याला जागेवर धरून ठेवायचं काम पिनियनच्या दोन टेपर (निमुळत्या रोलरच्या) बेरिंगचं. बेरिंग झिजली, किंवा पिनियनचा नट पुरेसा आवळला नाही, तर चढावर पिनियन मागं सरकतो आणि ठसा, म्हणजे दाताला दात टेकल्याची खूण, दाताच्या वरच्या कडेला नि बाहेरच्या टोकाकडे जातो. तुमच्या फोटोत दिसतंय ते हेच.

म्हणून माझा उलटा प्रश्न, दोन्ही वेळा सेट टाकताना बेरिंग बदलली का? तुमच्या पत्रात बेरिंगचा उल्लेखच नाही. जुन्या बेरिंगवर आणि जुन्याच शिमवर (पिनियनची जागा ठरवणाऱ्या पातळ चकत्या) नवा सेट बसवला असेल तर तो सेट कंपनीचा असो नाहीतर कुठलाही, जायचाच होता. पहिल्यांदा दात तुटले तेव्हा त्याचा चुरा तेलातून बेरिंगमध्ये गेलेला असणार, त्यामुळे दुसऱ्या सेटची बेरिंग तर पहिल्या दिवसापासूनच दुखावलेली होती.

यावेळी काम असं करून घ्या. हाउसिंग पूर्ण रिकामं करून रॉकेल नाहीतर डिझेलनं धुवा, कोपऱ्यात एक कण राहता कामा नये. पिनियनची दोन्ही आणि क्राऊनच्या बाजूची दोन्ही बेरिंग नवीन, ऑइल सील नवीन. क्राऊन आणि पिनियन एकाच जोडीचे घ्या, दोघांवर कोरलेला नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा, कारण ही जोडी फॅक्टरीत एकमेकांवर घासूनच तयार होते आणि एकाचा पिनियन दुसऱ्याच्या क्राऊनला कधी नीट लागत नाही. पिनियनचं बेरिंग किती घट्ट बसलंय ते हातानं अंदाज घेऊन सोडू नका, शाफ्टला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्यानं ओढून बघता येतं आणि किती जोर लागायला हवा तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मग क्राऊन-पिनियनमधला प्ले, म्हणजे दातांमधली मोकळी फट, डायल गेजनं मोजा, एवढ्या लहान सेटला तो साधारण ०.१० ते ०.२० मिमीच्या आत असतो, पण तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधलाच धरा. एका जागी मोजून थांबू नका, क्राऊन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा, आकडे फार वेगळे आले तर क्राऊन वाकडा बसलाय, त्याच्या बसायच्या जागेवर कचरा नाहीतर पोचा आहे.

आणि सगळ्यात शेवटी मार्किंग ब्लू, म्हणजे ठसा उमटवणारा निळा रंग. क्राऊनच्या पाच-सहा दातांना पातळ लावा, क्राऊनला लाकडाच्या तुकड्यानं थोडा अडसर देऊन पिनियन दोन्हीकडे फिरवा आणि ठसा बघा. तो मधोमध हवा, किंवा आतल्या बारीक टोकाकडे किंचित झुकलेला, कारण माल भरला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतोच. ठसा दाताच्या अगदी वरच्या कडेला आला तर पिनियन लांब राहिलाय, त्याला शिम देऊन आत घ्या, अगदी मुळाशी आला तर तो जास्त आत गेलाय. दर वेळी शिम बदलून परत आवळून परत बघायचं, कंटाळवाणं काम आहे आणि नेमका याच कामाला आपल्याकडे फाटा मिळतो. जो मेकॅनिक तुम्हाला तो ठसा दाखवून मगच झाकण बंद करतो त्याच्याकडेच गाडी द्या, शे-दोनशे जास्त घेतले तरी चालेल.

जास्त कडक करून घ्यायचं म्हणता तर गियरला वरची कातडी कडक आणि आतला गाभा चिवट लागतो, त्यासाठी त्याला कार्बरायझिंग करतात, म्हणजे वरच्या थरात कार्बन मुरवून तो कडक करतात. लेथवर साध्या स्टीलमधून कापून आरपार कडक केलेला दात झिजणार नाही कदाचित, पण पहिल्या खड्ड्यात मोडेल.

आता लोडचं बोलू, वाईट वाटून घेऊ नका. एका क्रेटमध्ये २० किलो धरले तरी ६० क्रेट म्हणजे १२०० किलो झाले. तुमच्या आरसी बुकवर किती लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे. रोलर बेरिंगचा हिशोब फार निर्दयी आहे, लोड दुप्पट झाला की आयुष्य निम्मं होत नाही, ते दहाव्या हिश्श्यावर येतं. बेरिंग गेली की पिनियन हलला, पिनियन हलला की दात गेला, सुरुवात लोडपासूनच होते. शिवाय पावसात शेतातून बाहेर पडताना एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि मग एकदम डांबरीवर पकड घेतं, तो झटका पूर्ण सेटला बसतो. चाक फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडा, खाली गोणपाट नाहीतर खडी टाका, दोन माणसं मागून लावा. माझं स्पष्ट मत आहे की ४० क्रेटच्या दोन फेऱ्या तुम्हाला एका सेटच्या आणि बुडलेल्या बाजाराच्या तुलनेत स्वस्त पडतील.

प्रश्न (पंचवटी): २०२७ च्या सिंहस्थाआधी इलेक्ट्रिक रिक्षा घ्यायचा विचार आहे. डीलर म्हणाला तिच्यात गियरच नाही म्हणून काही बिघडत पण नाही. खरं का?

उत्तर: गियर बदलायची भानगड नाही हे खरं, गियर नाही हे खरं नाही. मागच्या दोन चाकांना एक मोटर असेल तर डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी जोडणी, लागतंच, आणि त्याच्या पोटात छोटे बेव्हल गियर असतातच. बहुतेक गाड्यांमध्ये मोटर अ‍ॅक्सलला समांतर असते त्यामुळे मोठं क्राऊन-पिनियन लागत नाही, हा खरा फायदा आहे, सेटिंगची निम्मी डोकेदुखी तिथंच संपते. पण मोटर जागेवर उभी असतानाच पूर्ण ताकद देते आणि ब्रेकच्या वेळी उलट्या बाजूनं ओढते, म्हणजे दातांच्या दोन्ही अंगांना काम पडतं. घ्या गाडी, फक्त मागच्या गियर केसचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं ते डीलरकडून लिहून घ्या. इलेक्ट्रिक आहे म्हणून ते ऑइल कुणी बघतच नाही.

प्रश्न (नाशिकरोड): मी स्वतः रिक्षा चालवते. सरळ जाताना काही आवाज नाही, पण स्टँडवरून पूर्ण वळून निघताना मागून टक टक टक येतं. गॅरेजवाल्यानं इंजिन खोलायला सांगितलंय, खर्च मोठा आहे. काय करू?

उत्तर: ताई, इंजिन खोलायची घाई नको. सरळ जाताना गप्प आणि वळतानाच आवाज, याचा अर्थ जे फक्त वळतानाच काम करतं तिथं बघायचं. नेहमीच्या प्रवासी रिक्षात इंजिन मागं आडवं असतं, त्यामुळे ताकद काटकोनात वळवायची गरज नसते आणि बेव्हल गियर फक्त डिफरन्शियलमध्ये सापडतात, दोन साइड गियर नि मधल्या पिनवर फिरणारे दोन स्टार पिनियन. सरळ रस्त्यावर ते एकमेकांवर फिरतच नाहीत, सगळे मिळून एक गाठोडं म्हणून फिरतात. वळणावर मात्र त्यांना खरं काम, आणि रिक्षाइतकं वळण दुसरी गाडी घेत नाही. मागच्या दोन चाकांत सव्वा मीटरहून थोडं कमी अंतर असतं, अडीच मीटर त्रिज्येच्या वळणावर आतलं चाक १० फेरे घेतं तेवढ्यात बाहेरचं १६ घेतं. नाशकात शालिमारला किंवा द्वारका चौकात दिवसभर वळणाऱ्या रिक्षाचे स्टार पिनियन हायवेच्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त फिरतात.

पण त्याच्याही आधी दोन स्वस्त गोष्टी बघून घ्या. चाकांकडे जाणाऱ्या छोट्या शाफ्टचे जॉइंट, त्यांचं रबर फाटून ग्रीस गेलं असेल तर वळताना अगदी असाच आवाज येतो आणि तो खर्च त्यामानानं किरकोळ. आणि मागचे दोन टायर सारखे आहेत का, एक नवा नि एक गुळगुळीत असेल तर दोघांचा घेर वेगळा पडतो आणि डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सुटी मिळत नाही, ते आतल्या आत झिजत राहतं. हे दोन्ही ठीक असेल तरच डिफरन्शियल खोला. तिथं साइड गियरच्या मागं पातळ वॉशर असतात, सरळ दातांचे बेव्हल लोड आला की एकमेकांना कायम लांब ढकलतात आणि तो सगळा रेटा त्या वॉशरवर. वॉशर झिजले की प्ले वाढतो नि टक टक सुरू. मधल्या पिनवर खाच पडलीय का तेही बघायला सांगा, पडली असेल तर पिन आणि स्टार दोन्ही एकदमच बदला. खोलताना तुम्ही समोर थांबा, निघालेला भाग हातात घेऊन बघा.

प्रश्न (गंगापूर रोड, इंजिनिअरिंगचे विद्यार्थी): पुढं दोन चाकं, मागं एक अशी तीनचाकी बनवतोय, मॉर्गन या ब्रिटिश कंपनीच्या गाडीवरून कल्पना घेतली. भंगारातून ओम्नीचं इंजिन-गियरबॉक्स मिळालंय. मागच्या चाकाआधी बेव्हल बॉक्स लागेल. सगळं रिडक्शन (वेग कमी करून ताकद वाढवणं) त्याच बॉक्समध्ये केलं तर चेन १:१ राहील, आणि गियर आम्ही ईएन२४ स्टीलमध्ये कापणार आहोत. बरोबर आहे का?

उत्तर: कल्पना छान आहे, पण दोन्ही निर्णय बदला. मॉर्गनच्या पहिल्या तीनचाक्या १९१० च्या सुमारास आल्या तेव्हाही त्यात लांब शाफ्ट, मागं बेव्हल बॉक्स आणि तिथून चाकाला चेन असंच होतं, दोन चेन होत्या आणि जी चेन गुंतवाल तो गियर. २०११ ला त्यांनी तीनचाकी नव्यानं काढली तेव्हा पुढं मोठं दोन सिलेंडरचं व्ही-ट्विन इंजिन, माझदाचा पाच गियरचा बॉक्स, मग बेव्हल बॉक्स आणि शेवटी बेल्ट. त्या नव्या गाडीच्या सुरुवातीच्या काही बेव्हल बॉक्सबद्दल आवाजाच्या आणि ऑइल गळतीच्या तक्रारी मालकांनी केल्या होत्या, पुढं त्यात सुधारणा झाल्या. दोन मोठ्या सिलेंडरचं इंजिन ताकद धक्क्याधक्क्यानं देतं, आणि बेव्हलचे दात ते धक्के सरळ अंगावर घेतात, म्हणून मध्ये कुठंतरी रबराचं नाहीतर स्प्रिंगचं कपलिंग लागतं. तुमचं तीन सिलेंडरचं आहे, जरा सौम्य, तरी कपलिंग टाकाच.

आता रिडक्शन. ओम्नीचं इंजिन ६० न्यूटन-मीटरच्या आसपास देतं, पहिला गियर साडेतीनपट धरा, म्हणजे शाफ्टवर २१०. टॉप गियरला ४००० आरपीएमवर ताशी १०० च्या आसपास हवं असेल तर पुढं एकूण साडेचारपट रिडक्शन लागेल. पण चाकावर येणारा टॉर्क शेवटी टायर ठरवतो. मागच्या एका चाकावर २५० किलो, पकड ०.८, चाकाची त्रिज्या ०.३ मीटर, म्हणजे ५८८ न्यूटन-मीटरला टायर घसरणार. साडेचारपट सगळं बेव्हलमध्ये आणि चेन १:१ ठेवलीत तर ते ५८८ च्या ५८८ बेव्हलच्या मोठ्या गियरवर येतात. बेव्हल दीडपट आणि चेन तीनपट केलीत तर त्याच गियरवर फक्त १९६. गाडी तीच, टायर तोच, दातावरचा भार तिसरा हिस्सा. क्लच झटकन सोडल्यावर येणाऱ्या धक्क्यासाठी मी याची दुप्पट धरेन, म्हणजे ४०० वर डिझाइन करा. तेवढा बेव्हल सेट हातात मावेल इतकाच होतो.

ईएन२४ नको. तो आरपार कडक होतो, शाफ्टला उत्तम, पण दाताच्या पृष्ठभागाला लागणारा कडकपणा त्यात येत नाही आणि काही दिवसांत खड्डे पडायला लागतील. २०एमएनसीआर५ स्टील घ्या, कार्बरायझिंग करून ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचं माप), सातपूर-अंबडला हीट ट्रीटमेंटवाले आहेत, जोडी एकाच बॅचमध्ये टाका आणि नंतर एकमेकांवर घासून लॅप करून घ्या, कारण हीट ट्रीटमेंटमध्ये गियर थोडाफार वाकतोच. दाताची रुंदी शंकूच्या कडेच्या लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त ठेवू नका, रुंद केला म्हणून मजबूत होत नाही, उलट लोड एका टोकाला जातो. दातांची संख्या अशी घ्या की दोघांना समान भाग जाणार नाही, म्हणजे १६-२४ पेक्षा १७-२५ बरं, त्यामुळे प्रत्येक दात समोरच्या प्रत्येक दाताला भेटतो आणि झीज सारखी होते.

आणि सगळ्यात जास्त वेळ केसिंगला द्या, गियरला नाही. पिनियन एका बाजूनंच धरलेला असेल तर दोन टेपर बेरिंगमधलं अंतर पुढं आलेल्या भागाच्या अडीचपट तरी हवं. अ‍ॅल्युमिनियमचं केसिंग करणार असाल तर हा हिशोब करूनच करा, ते स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं. १५० मिमी अंतरावर ७० अंश तापमान वाढलं तर दोघांच्या फुगण्यात ०.११ मिमीचा फरक पडतो, तुमचा पूर्ण प्लेच तेवढा असतो. थंड असताना सुंदर बसवलेलं बेरिंग पाऊण तास चालवल्यावर ढिलं पडू शकतं ते यामुळं. शिम टाकायची सोय दोन्ही गियरना ठेवा, आणि ब्लूचा ठसा बघता येईल एवढी खिडकी केसिंगला आत्ताच ड्रॉइंगमध्ये काढून ठेवा, नंतर ती पाडता येत नाही.

प्रश्न (पेठ): सावळघाटातून रोज येणंजाणं आहे. मागच्या हाउसिंगचं ऑइल सील वर्षात तिसऱ्यांदा गेलं, आणि ऑइल दुधासारखं निघालं. कोणतं ऑइल टाकू?

उत्तर: आधी ब्रीदर साफ करा, हाउसिंगच्या वरच्या बाजूला छोटी टोपी किंवा नळी असते ती. चिखलानं ती बंद झाली की घाट चढताना आतली हवा तापून सीलमधून ऑइल बाहेर ढकलते, आणि मग तापलेलं हाउसिंग ओढ्याच्या पाण्यात गेलं की आतली हवा आकसून तिथूनच पाणी ओढून घेते. दुधाळ रंग त्या पाण्याचा. नुसतं सील बदलत राहिलात तर चौथंही जाईल.

ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच. वेगळ्या हाउसिंगमध्ये क्राऊन-पिनियन असेल तर बहुतेक वेळा जीएल-५ दर्जाचं ८० डब्ल्यू ९० गियर ऑइल लागतं. पण ज्या रिक्षात इंजिन, क्लच नि गियर एकाच तेलात असतात तिथं हे चुकूनही टाकू नका, क्लच प्लेटा घसरायला लागतील. आत्ताचं पाणी मिसळलेलं सगळं काढा, थोडं नवीन ऑइल टाकून एखादा किलोमीटर रिकामी गाडी चालवून तेही काढून टाका, मग लेव्हल बोल्टपर्यंत भरा, त्याच्या वर नाही. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन चोळा. काळी मऊ पेस्ट चालते, ती नेहमीची झीज. बोटाला टोचणारा कण लागला तर घाटात माल घेऊन जायच्या आधी हाउसिंग उघडा.